पहिला बार

बंदूक ठासायला बसताना आबांनी मला कंदील आत न्यायला सांगितला.

"दारूजवळ दिवा नगं. ने तिकडं चुलीपाशी."

"मग तुम्हाला दिसणार कसं?"

"चाळीस वर्सं ठासतोय. त्याला डोळं कशाला लागत्यात?" आबा म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढं बोलले, "आणि दिवा असून तरी काय दिसणार हाय मला, हौसा?"

मी कंदील उचलला आणि आत गेले. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. पौषातली थंडी आजऱ्याच्या वरच्या डोंगरात नुसती बोचत नाही, चावते. चुलीपाशी मी भाकऱ्या फडक्यात बांधायला लागले. पडवीतून लोखंडी गज नळीत खाली-वर होण्याचा ठक ठक आवाज येत होता. लहानपणापासून मला तो आवाज आवडायचा. त्या पहाटे मात्र तो नको वाटत होता.

आबांना दिसत नव्हतं. पार आंधळे झाले नव्हते, पण दिवाळीपासून माणसाची नुसती सावली दिसायची, आणि ती माणसाची की म्हशीची हे ती बोलल्यावर कळायचं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच, म्हणून मला आधी कळलं. एका संध्याकाळी त्यांनी पडवीतल्या खांबाला "या, बसा की" म्हटलं. मी खो खो हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या गळ्याची आण हाय. कुणाला सांगायचं न्हाई. दौलूलासुदीक न्हाई."

दौलत माझा भाऊ. पलटणीत होता, आणि त्या वर्षी नेमका शिकारीच्या तोंडावर सुट्टीला आला होता.

ही शिकार म्हणजे गावची देवीची शिकार. तेव्हा बंदी वगैरे काही नव्हती. भाताची मळणी उरकली की गाव एक दिवस डोंगरात जायचं आणि पहिला रानकोंबडा देवीपुढं ठेवायचं. त्या दिवशीचा पहिला बार आमच्या घराचा. आबांची बंदूक वाजल्याशिवाय दुसऱ्या कुणी चापाला बोट लावायचं नाही, मग समोरून अख्खा कळप गेला तरी. आणि आमच्या घरचा कर्ता माणूस आला नाही, तर तो मान भावकीतल्या रंगूतात्यांच्या घरी जायचा. रंगूतात्या त्यासाठी टपून बसले होते. आबांच्या लेखी मान जाणं म्हणजे भर चावडीत नाक कापणं.

म्हणून आबांनी एक युक्ती काढली होती, आणि त्या युक्तीत मी सापडले होते. मी त्यांच्या मागं बसायचं आणि हात पाठीवर ठेवायचा. पाखरू डावीकडून उठलं तर डावा खांदा दाबायचा, उजवीकडून उठलं तर उजवा. आणि मारू नका असं सांगायचं असेल तर पाठीच्या मधोमध मूठ दाबायची. आठवडाभर परसात बसून आम्ही कावळ्यांवर सराव केला, आबांच्या हातात बंदुकीऐवजी केरसुणी. शेजारीण एकदा कुंपणावरून बघत राहिली आणि म्हणाली, "काय गं, आबांची दृष्ट काढतीस व्हय?" मी म्हटलं, "होय, तुमचीच."

तेव्हा गंमत वाटली होती. पण आदल्या रात्री जेवताना दौलत म्हणाला, "आबा, तुमच्या म्होरचा हाका मी काढणार. ओढ्यात मी आणि खंड्या. दुसरं कुणी नगं." हाका म्हणजे झाडी झोडपत पाखरं बंदुकीपुढं आणायची, म्हणजे आबांच्या नळीसमोर दौलतच.

खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. दौलतनं पिलू असताना आणलेला, तांबडा, एक कान कायम उभा. दौलत पलटणीत गेल्यावर खंड्या आठवडाभर एस्टीच्या थांब्यावर बसून होता, असा येडा.

"तू तात्यांच्या अंगाला जा की," मी म्हटलं. "ओढ्यात काय जातोस?"

"का गं? ओढ्यात वाघ बसलाय?"

"काटं हायत."

"मला काट्याचं भ्या घालायलीस?" तो हसला. "आबा, हिला जरा सीमेवर धाडू या."

आबा भाकरीचा तुकडा आमटीत बुडवायला गेले तो ताटाबाहेर बुडवला. मी पटकन वाटी पुढं सरकवली.

सकाळी निघताना बघते तर दौलतनं पलटणीची खाकी पँट आणि खाकी स्वेटर चढवलेला. पौषातलं वाळलेलं गवत असतं, अगदी त्या रंगाचा.

"पांढरा सदरा घाल," मी म्हटलं.

"थंडी काय तुझा बा सोसणार?"

"माझा बा तोच तुझा बा. घाल म्हणते ना!"

"हौसे, तुला झालंय काय?" त्यानं माझ्याकडं जरा रोखून बघितलं, खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि खंड्याला शीळ घालून पुढं निघून गेला. त्या पिशवीत भाकरी नव्हती, भाकरी माझ्याकडं होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. माझं सगळं चित्त त्या खाकी रंगात अडकलं होतं.

गावाच्या कडेला माणसं जमली होती. बायकामाणूस शिकारीला येत नाही, म्हणून मला बघून रंगूतात्यांच्या भुवया वर गेल्या.

"काय हिंदूराव, लेकीला घेऊन निघालास? शिकारीला चाललोय का बाजारला?"

"गुडघा धरलाय," आबा म्हणाले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. "भाकरी-पाणी कोण उचलणार? तू उचलतोस?"

"गुडघा धरला असंल तर घरात शेकत बसावं माणसानं. पहिल्या बाराचं आम्ही बघितलं असतं की."

"तू बघच. बारच बघ माझा."

माणसं हसली. तात्याही हसले, पण त्यांची नजर आबांच्या पायांकडं होती. मी वाटेतला दगड आला की खांदा किंचित वर उचलायचे आणि आबा पाय उचलायचे. चढ संपेपर्यंत आबा एकदाही ठेचकाळले नाहीत. माझं पोलकं मात्र एवढ्या थंडीत घामानं भिजलं होतं.

आमची जागा पिढीजात ठरलेली. एका मोठ्या धोंड्याआड बसायचं, समोर उतार, उताराखाली ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या, घाणेरी आणि मधेच एखादा उंबर. हाकेकरी खालून झाडी झोडपत वर येतो, पाखरं त्याच्यापुढं पळत येतात आणि धोंड्यासमोर मोकळ्यावर आली की उडतात. म्हणजे पाखरू उडतं तेव्हा त्याच्या पाठीमागं हाकेकरीच असतो. डोळे धड असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तो पाखरू वर चढू देतो आणि मग मारतो.

रंगूतात्या त्यांची माणसं घेऊन टेकाडाच्या पलीकडं गेले. दौलत आणि खंड्या खाली उतरले. खंड्याच्या गळ्यातलं घुंगरू बराच वेळ ऐकू येत होतं, मग झाडीत शिरल्यावर बारीक झालं.

आबा धोंड्याला टेकून बसले. मी त्यांच्या मागं गुडघ्यांवर बसले आणि पाठीवर हात ठेवला. घोंगडीतूनही त्यांची हाडं लागत होती.

"आबा," मी म्हटलं, "अजून येळ हाय. सांगू या दौलूला."

"गप बस."

"खाकी घातलीया त्यानं. मलासुदीक दिसणार न्हाई नीट."

"तुला दिसंल. तुझ्या आईगत डोळं हायत तुझं."

"आणि न्हाई दिसलं तर?"

आबांनी नळीच्या बुडाशी केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवली, बोटानं चाचपून बघितली आणि घोडा मागं ओढला. तो कट्‌ असा आवाज झाला. मला एकदम उठून पळत सुटावंसं वाटलं, ओढ्यात जाऊन दौलतच्या कमरेला मिठी मारावी आणि त्याला खाली पाडावं असं वाटलं. पण आबांच्या गळ्याची आण होती. आण मोडली की माणूस मरतं असं मला तेव्हा खरंच वाटायचं. एकीकडं बाप आणि एकीकडं भाऊ, आणि मधे माझा एक तळहात.

खालून हाका सुरू झाला. "हुर्र्यो! हुर्र्यो!" दौलतचा आवाज दणदणीत होता. काठीचे फटके, दगड पडल्याचे आवाज. आधी बारकी पाखरं भुरकन उडाली. आबांची पाठ ताठ झाली.

"न्हाई," मी कुजबुजले. "चिरकं हायत."

मग एक लांडोर धडपडत वर आली आणि आमच्या डोक्यावरून गेली. आबांची नळी तिच्या आवाजामागं वळली. मी मूठ दाबली. नळी खाली आली. मला जरा धीर आला. मूठ कळते त्यांना, मूठ ऐकतात, एवढं मी मनाला सांगितलं.

हाका जवळ आला. घुंगरू आता उजव्या अंगाला वाजत होतं. दौलतचा आवाज मात्र जमिनीतून आल्यासारखा खालून येत होता, आणि तो कुठं आहे हे काही केल्या कळेना. मी डोळे फाडून बघत होते. गवत पिवळं, कारवी पिवळी, सगळं खाकीच दिसत होतं. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

घुंगरू थांबलं.

खंड्या थांबला म्हणजे त्यानं पाखरू धरलं होतं, नजरेत. आता तो झेप घेणार. उजवीकडच्या जाळीतून 'कॅक्‌ कॅक्‌' करत कोंबडा उठला. शेपटीचा काळा झुपका, मानेवर ऊन पडलेलं. माझी बोटं उजव्या खांद्याकडं निघालीसुद्धा होती, आणि त्याच क्षणी कोंबड्याच्या पाठीमागं, सरळ रेषेत, उंबराच्या बुंध्याशी खाकी खांदा वर आला. खांदा आणि हात. दौलत खंड्याला धरायला अर्धवट उठला होता.

मी मूठ दाबली. सगळ्या ताकदीनं पाठीच्या मधोमध दाबली. नळी वर गेली. मी मूठ उचलून पाठीवर मारली, धोपटलंच म्हणा, आणि तोंडातून आवाज निघेना.

बार उडाला.

ठासणीच्या बंदुकीचा धूर दाट असतो. समोरचं सगळं पुसून गेलं. त्या धुरातून खंड्याचा आवाज आला, लांब, चिरका, कुणीतरी कापल्यासारखा. मग तोही थांबला. पलीकडच्या टेकाडावरून माणसांचा "हो ऽऽ" असा आनंदाचा ओरडा आला, कारण पहिला बार झाला होता.

"हौसा," आबा म्हणाले. "काय झालं? कुत्रं का वराडलं?"

"दौलत!" मी ओरडले.

उत्तर नाही.

"दौलू!" आबांनी हाक मारली. मग उभे राहिले, पाऊल पुढं टाकलं आणि धोंड्यावर आपटून गुडघ्यांवर पडले. बंदूक घरंगळत गेली. "हौसा, काय दिसतंय? अगं सांग की! काय दिसतंय?"

"धूर," मी म्हटलं आणि उताराला लागले.

मी कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. करवंदीनं दंड ओरबाडले, पदर एका जाळीत अडकला तो तसाच फाटू दिला. "दौलत, दौलत" एवढंच तोंडात होतं. उंबराशी कोणी नव्हतं. गवत दबलेलं होतं आणि पानांवर रक्ताचे थेंब होते. मी तिथंच खाली बसले. वर आबा हाका मारत होते आणि मला त्यांना काही सांगायचं नव्हतं.

तेवढ्यात खालच्या घळीतून घुंगरू वाजलं आणि हनुवटीपर्यंत चिखलानं माखलेला दौलत रांगत वर आला. एका काखेत खंड्या, दुसऱ्या हातात रानकोंबडा, आणि वरच्या बाजूला तोंड करून आधीच ओरडत होता, "आबा! पडला! पडला कोंबडा!"

मी उठले आणि त्याच्या थोबाडीत मारली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा भाऊ, पलटणीतला शिपाई. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

"अगं, मी काय केलं?"

"ओ द्यायला काय झालं हुतं तुला? ओ द्यायला?"

"हे येडं पळत सुटलं खाली. ह्याला धरत हुतो." तो हसत होता, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि हातातल्या कोंबड्याची शेपटी थरथरत होती. खंड्याच्या उभ्या कानाच्या टोकातून रक्त गळत होतं. "काटा लागलाय त्याला. करवंदीचा."

मी कोंबडा हातात घेतला. तो गार होता. पाय काटकीसारखे ताठ. आता, या घटकेला मारलेला कोंबडा गार कसा असेल? मी दौलतकडं बघितलं.

"गप," तो हळूच म्हणाला. "चल वर. तात्या यायच्या आत."

वर आबा चाचपडत धोंड्यापाशी येऊन बसले होते. दौलतनं कोंबडा त्यांच्या मांडीवर ठेवला. आबांनी आधी कोंबडा धरलाच नाही. त्यांनी दौलतचा हात धरला, मग दंड, मग खांदा, मग दुसरा खांदा. चिखल पुसतोय असं दाखवत सगळं अंग चाचपलं. मग कोंबड्यावर हात फिरवला. मानेवर त्यांची बोटं जरा थांबली.

रंगूतात्या आले, आबांच्या मांडीवरचा कोंबडा लांबूनच बघितला, तोंड आंबट केलं आणि म्हणाले, "म्हातारा झालास तरी हात तसाच हाय तुझा."

"आता बास," आबा म्हणाले. "गुडघा ऐकत न्हाई. पुढल्या वर्साचा पहिला बार दौलू मारंल." आणि सगळ्यांसमोर त्यांनी बंदूक दौलतच्या हातात दिली. मान घरातच राहिला. त्यावर तात्यांना बोलायला जागा नव्हती. गावभर आबांच्या बाराचं कौतुक झालं, आणि मी भाकऱ्यांचं फडकं न सोडताच परत आणलं.

देवीपुढं ठेवून झाल्यावर कोंबडा आमच्या घरी आला. दुपार कलताना मी परसात पिसं काढायला बसले. दौलत शेजारी बसून खंड्याच्या कानाला हळद लावत होता.

"कवा धरलास ह्याला?" मी विचारलं.

"काल सांजच्याला. फास लावला हुता. पिशवीत घालून न्हेला सकाळी."

"म्हंजे तुला ठावं हुतं."

"एस्टीतनं उतरून दारात आलो, तर आबा म्हणाले, 'कोण पाव्हणं?' मी बोललो तवा वळखलं. माझ्या बानं मला तोंडावरनं वळखलं न्हाई, हौसे." तो खंड्याच्या कानाकडं बघत बोलत होता. "मग मी काय समजायचं?"

"आणि तरी म्होरं गेलास?"

"कुणी तरी जाणारच हुतं. दुसऱ्याच्या पोराला उभा करू व्हय तिथं? मी घळीत पालथा पडून वरडत हुतो, दगडं फेकत हुतो. आबा बार हवेत काढणार, मी कोंबडा घेऊन येणार, असं ठरीवलं हुतं. ह्या खंड्यानं घोळ केला. ह्याला धरायला उठलो आणि बघतो तर नळी सरळ माझ्याकडं. पडलो तसाच खाली." मग थोडं थांबून म्हणाला, "आबास्नी मी दिसलो नसणारच. पर तू हुतीस की पाठीशी."

"मी मूठ दाबली हुती," मी म्हटलं. "दोनदा."

मूठ म्हणजे काय ते त्याला सांगितलं. तो मग हात धुऊन उठला आणि म्हणाला, "आबास्नी इचारू नगंस." आणि निघून गेला.

पण मी अशी ऐकणारी नव्हते. सकाळपासूनची भीती आता रागात फिरली होती. कोंबडा तसाच टाकून मी पडवीत गेले. आबा खांबाला टेकून बसले होते.

"मी मूठ दाबली हुती."

"कळली."

"मग बार का काढला? दौलू हुता म्होरं! तुमचा ल्योक हुता!"

"हळू बोल."

"न्हाई बोलणार हळू! मान मोठा का पोरगं मोठं?"

आबांनी हात पुढं करून मला खाली बसवलं. "छर्रा घातलाच नव्हता," ते म्हणाले. "नुसती दारू आणि वर काथ्याचा बोळा. निसता आवाज. माझं पोरगं समूर असताना मी आंधळा छर्रा भरीन व्हय?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मग मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं आणि मी त्यांच्या दंडावर बुक्क्या मारल्या. "मग मला सांगायला काय झालं हुतं? जीव गेला माझा तिथं!"

"तुला सांगितलं असतं तर तू निवांत बसली असतीस. तात्याला लगीच वास लागला असता."

मी डोळे पुसत हसतच होते. आबा हसत नव्हते.

"हसू नगंस," ते म्हणाले. "कुत्रं वराडलं तवा माझ्या मनात आलं ते अजून जाईना. दारू घातली. काथ्या घातला. गज मारला. हितवर आठवतंय. मग पुन्यांदा काथ्या घातला का? छर्र्यावरच पुन्यांदा काथ्या लागतो, घातला म्हंजे मधी छर्रा गेला. चाळीस वर्सं हात एकच काम करतोय, हौसा. मी हाताला सांगितलं हुतं, छर्रा न्हाई. पर हातानं ऐकलं का?" त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांपुढं धरला, जणू त्यांना तो दिसत होता. "मघाधरनं आठवायलोय. आठवंना."

मी त्यांचा हात खाली ओढला. "काटा लागलाय त्याच्या कानाला. दौलू म्हणाला."

"दौलू कायबी म्हणंल. कोंबडा काल मेलेला हाय, तेबी त्यानं आज पडला म्हणूनच दिला न्हवं?" आबांनी माझं मनगट धरलं. "सकाळी जा. तिथली पानं बघ. मला दिसलं असतं तर मीच गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर लाकडं आणायच्या निमित्तानं मी वर गेले. दंव पडलं होतं. धोंड्याशी उभी राहून मी उंबराची रेघ धरली आणि खाली उतरले.

करवंदीची पानं जाड असतात, पटकन फाटत नाहीत. त्या जाळीची वरची पानं चाळणी झाली होती. गोल, स्वच्छ भोकं, कडेनं काळपट. काही डहाळ्या मोडून लोंबत होत्या. उंबराच्या बुंध्यावर साल उडालेली होती आणि आत शिसं चमकत होतं. मी केसातला आकडा काढून एक छर्रा उकरला. तो तळहातावर पडला, मुगाएवढा. मग मी बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. भोकं माझ्या छातीपासून गळ्यापर्यंत होती. काल मी इथंच बसले होते आणि काहीच बघितलं नव्हतं. दौलत एक श्वास उशिरा पडला असता तर, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

मी ती पानं एकेक करून ओरबाडली, डहाळ्या तोडल्या आणि सगळं ओढ्यात सोडून दिलं. बुंध्यावर चिखल लिंपला. छर्रा पाण्यात फेकला. मग लाकडाची मोळी बांधली आणि घरी आले.

आबा अंगणात उभे होते, वाटेकडं तोंड करून, घोंगडी न घेता. रात्रभर झोपले नव्हते हे दिसत होतं. माझी पावलं ऐकून त्यांनी मान वळवली.

"हौसा?"

"होय."

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

मी मोळी खाली टाकली. "एक पान फाटलेलं न्हाई, आबा. सगळी धड हायत."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. बराच वेळ, पापणी न हलवता, तिथं काय लिहिलंय ते वाचायचा प्रयत्न केल्यासारखे. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी ते पुसलं नाही. त्यांना दिसत नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.